हिराबायसोबत तीन कॉलेजं

लोक सिंगापूरला जाऊन येतात, युरोप बघून येतात आणि मग प्रवासवर्णन लिहितात. मी मनोरच्या थोडं पुढे जाऊन आले आणि लिहायला बसले आहे. हसा खुशाल. चार माणसं, एक भाड्याची इको गाडी आणि दोन किलो सुके बोंबील एवढ्या सामानावर तीन दिवस केलेला प्रवास कमी समजू नका. सिंगापूरला जाणाऱ्यांना विमानात कोणी पाणी तरी विचारतं. आम्हाला कोणी विचारलं नाही.

आधी माझी ओळख. सालवड नाक्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. बारावीचा निकाल लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाप घामाघूम, आईच्या हातात कागदपत्रांची फाईल आणि पोरगं मोबाईलमध्ये. स्टुलावर टेकले की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, कुठलं कॉलेज चांगलं?" आणि मी छातीठोकपणे सांगते, हे पहिलं टाका, ते दुसरं टाका. कशाच्या जोरावर? तर कॉलेजवाले दुकानात आणून ठेवतात त्या गुळगुळीत माहितीपत्रकांच्या. एका कॉलेजने तर दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ पाठवलं होतं. त्यातलं एकही कॉलेज मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यंदा माझ्याच घरात बारावी झाली. सायली, आमची एकुलती एक. तिला बी. फार्मसी करायचं होतं आणि तिच्या गुणांना साजेशी तीन कॉलेजं आमच्या आसपास होती. नावं मी सांगणार नाही, मला याच नाक्यावर दुकान चालवायचंय. एक बोईसरच्या बाहेर, एक पालघरला आणि एक मनोरच्या पुढे. तिसऱ्याला मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथे राहावंच लागलं असतं. पसंतीक्रमाचा फॉर्म रविवारी लॉक करायचा होता. एकदा लॉक झाला की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, हे वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवते.

सायलीच्या मनात मनोरचं होतं. तिने ते एकदा बोलून दाखवलं. आमचे विलासराव, म्हणजे माझे यजमान, एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहेत. गोळ्यांच्या पाकिटांवर त्यांची नजर जेवढी कडक, त्याहून पोरीवर जास्त. ते म्हणाले, "बोईसरचं ठीक आहे. संध्याकाळी पोरगी घरी आली पाहिजे." सायली गप्प बसली. ती गप्प बसली की घरात भांडी जरा जोरात वाजतात, तेवढाच काय तो निषेध.

हे सगळं विलासरावांच्या मोठ्या बहिणीच्या कानावर गेलं. हिराबाय. किनाऱ्यावरच्या गावात राहते, बोईसरच्या बाजारात मासे विकते आणि सगळा बाजार तिला बाय म्हणतो, म्हणून मीही म्हणते. पावसात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, मासेमारी बंद, त्यामुळे बाय रिकामी होती. ती थेट दुकानातच येऊन बसली.

"आमच्यात पोरीसाठी स्थळ बघायला पाच माणसं जातात," ती म्हणाली. "होडी घ्यायला सात जातात. आनी कालेज बघायला एक बी नाय? चार वर्सं पोरगी टाकताय ना तिथं?"

"बाय, सगळं नेटवर दिसतं," विलासराव म्हणाले.

"नेटवर म्हावरा पन ताजाच दिसतो," बाय म्हणाली.

झालं. आमची सहल ठरली.

गुरुवार: बोईसर

गाडी रामसूरतची. तो आमच्या मागच्या चाळीत राहतो, मूळचा उत्तर प्रदेशचा. कारखान्यात रात्रपाळी असली की दिवसा इको चालवतो. मनाने चांगला, फक्त कट्टर शाकाहारी. हिराबायने बसल्या बसल्या बोंबलांची पिशवी सीटखाली सरकवली. बाहेर पाऊस, काचा बंद. सालवडचा नाका ओलांडेपर्यंत रामसूरतचं नाक लाल झालं.

"भाभीजी, ये क्या रख दिया?"

"खाऊ हाय," मागून बाय म्हणाली. "रिकाम्या हातानं कोनाकडं जायाचं नसतं."

"पंद्रह दिन कोई सवारी नहीं बैठेगी इसमें," असं म्हणून त्याने डॅशबोर्डवरच्या देवापुढे दोन उदबत्त्या खोचल्या. मग बोंबील आणि मोगरा असा एक मिश्र वास तयार झाला. तो नेमका कसा होता हे सांगायला मराठीत शब्द नाही आणि नसलेलाच बरा.

बोईसरचं कॉलेज म्हणजे काचेची इमारत. दारात फुग्यांची कमान, आत गेलं की एसी असा की माझ्या हातावर काटा आला. आमच्यासारखी दहा-बारा कुटुंबं आलेली. प्रत्येकाला समोसा आणि सरबत. एका कोपऱ्यात पांढऱ्या कोटातल्या माणसाचा मोठा पुठ्ठा उभा केलेला, डोक्याच्या जागी भोक आणि खाली "भावी फार्मासिस्ट". पोरांनी त्यात तोंड घालून फोटो काढायचा. सायलीने साफ नकार दिला. विलासरावांनी घातलं. पन्नाशीच्या भावी फार्मासिस्टचा तो फोटो दुपारपर्यंत त्यांच्या कंपनीच्या ग्रुपवर पोचला होता.

ब्लेझर घातलेल्या एक मॅडम आम्हाला फिरवायला आल्या. बोलणं इतकं गोड की मला दुकानात ठेवावीशी वाटली. प्रयोगशाळेत ओळीने यंत्रं मांडलेली होती, सगळी नवीकोरी. हिराबाय प्रत्येक यंत्रापाशी थांबत होती. एका वजनकाट्यापाशी ती वाकलीच. काटा हा तिचा विषय.

"हे कवा घेतलंत?"

"चार वर्षं झाली, मावशी. कॉलेज सुरू झालं तेव्हाच."

"मंग वरचं प्लास्टिक कोन काढनार?"

आम्ही बघितलं. काट्यावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. शेजारच्या यंत्रावरही. मॅडम म्हणाल्या, "धूळ बसू नये म्हणून ठेवलंय," आणि आम्हाला घाईने ग्रंथालयात नेलं. विलासरावांना हे उत्तर पटलं. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटवरही अजून प्लास्टिक आहे.

खरी लाज पुढेच जायची होती. कार्यालयात फीचा कागद समोर आला. सरकारने ठरवलेली फी एकीकडे आणि खाली "इतर शुल्क" म्हणून आणखी एक दणदणीत आकडा. बायने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बाजारात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "अर्ध्यात द्या."

सायलीने ओढणी तोंडावर घेतली. मी खालच्या फरशीकडे बघायला लागले. विलासराव म्हणाले, "बाय, इथे असं नसतं." पण मॅडम हसल्या, "सरांना विचारते" म्हणून आत गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. अर्ध्यात जमेल म्हणाल्या. रविवारी पहिली पसंती आमची टाकून लॉक करा, सोमवारी प्रिंट दाखवा. वर बॅग आणि ॲप्रन फुकट.

विलासरावांचा चेहरा फुलला. बहिणीकडे त्यांनी असं बघितलं की लहानपणापासूनचे सगळे अपराध माफ. आणि बायचं तोंड मात्र उतरलं. ती तडक गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"काय झालं, बाय? जिंकलीस की तू," मी म्हटलं.

"चाळीस वर्सं मासे विकते मी," ती म्हणाली. "माल ताजा असला ना, तर गिऱ्हाईक पाया पडलं तरी मी दोन रुपये खाली येत नाय. पाच मिन्टात अर्ध्यावर कवा येतो आमी? कल्ला फिका पडला म्हंजे." कल्ला म्हणजे माशाच्या गालावरचं झाकण. ते उचलून बघायचं, आत लाल असलं तर ताजा आणि फिकं असलं तर शिळा. बाजारातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"मासे वेगळे, कॉलेज वेगळं," विलासराव म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मागून हाक आली, "काकी!" बघते तर दीपाली. पाम गावची पोरगी, म्हणजे माझ्या माहेरची. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना घेऊन माझ्या दुकानात आली होती. आज गळ्यात "स्वयंसेवक" अशी पट्टी घालून पाहुण्यांना सरबत वाटत होती. मी विचारलं, "कसं चाललंय गं?" तिने आधी काचेच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "छान." मग आणखी जवळ आली.

"काकी, सायलीला नका टाकू इथं. दोन वर्षांत आमी तीनदा लॅबमधी गेलोय. एक सर सोडून गेले, त्यांचा विषय कोनीच शिकवला नाय."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय? तुमीच बोललेल्या ना पप्पांना, पहिलं हेच टाका म्हणून." तिने हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. वर म्हणाली, "काकी, सरबत घेतलं ना तुमी?"

मी घेतलं होतं. दोन ग्लास. त्या पोरीच्या बापाने फॉर्मचे पैसे देताना मला वर एक नारळ आणि साखरेचा पुडा दिला होता, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि मान वर करवेना. घरी आल्यावर पहिलं काम केलं. स्टुलावर चढून ते दिवाळीचं घड्याळ काढलं आणि माळ्यावर टाकलं. विलासराव म्हणाले, "आता वेळ कशी कळणार?" मी म्हटलं, "वेळ आली की कळेल."

शुक्रवार: पालघर

पालघरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे आम्हाला कोणी घेणार नव्हतं. कॉलेज उत्तम. झाडं, जुनी इमारत, पोरं खरोखरच कुठेतरी घाईने चाललेली. पण खिडकीवरच्या बाईंनी सायलीचे गुण बघितले, मागच्या वर्षीचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "आशा ठेवू नका." कॉलेजच्या माणसाने एवढं सरळ बोललेलं गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ऐकलं. विलासरावांनी त्यासाठी नवा शर्ट घातला होता.

तिथे जळगावकडचं एक कुटुंब भेटलं. आई, बाप, मुलगा, मामा आणि आजोबा, पाच जणं. आठ दिवसांत सात कॉलेजं बघायची असा त्यांचा बेत आणि हे पाचवं. वाटेत दोन देवस्थानं झाली होती, आज कॉलेज, मग केळव्याचा समुद्र आणि जाताना डहाणूची महालक्ष्मी. मुक्काम लॉजवर, खोल्या दोन, पण रात्री सगळे एकाच खोलीत गप्पा मारत बसतात, असं मामा म्हणाले. आमच्याकडे लग्नाच्या खरेदीलासुद्धा माणूस एवढा फिरत नाही.

"इतका खर्च कशाला हो?" मी विचारलं. "पोरगा तर एकाच ठिकाणी शिकणार."

"ताई, बाबांनी समुद्र पाह्यला नव्हता," मुलाचे वडील आजोबांकडे बघून म्हणाले. "नुसता समुद्र पाह्याले कोण रजा देतं? पोराच्या कॉलेजचं कारण सांगितलं की सायेब बी काही बोलत नाही."

आम्ही सगळे व्हरांड्यात डबे उघडून बसलो. त्यांच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा, आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी. आजोबा माळकरी निघाले, त्यामुळे बायने डबा लांब नेऊन उलट्या बाजूला तोंड करून खाल्लं. ठेचा मात्र तिने मागून घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं तरी "तिखट नाय तेवढा" असंच म्हणत राहिली. निघताना तिने आजोबांना सांगितलं, "केळव्याला पान्यात फार आत जाऊ नका. पावसाचा समुद्र पावन्याला वळखत नाय."

परतताना विलासराव मोबाईलवर काहीतरी करत होते. मला वाटलं बातम्या. नंतर कळलं, ब्लेझरवाल्या मॅडमना "विचार चालू आहे" असा मेसेज टाकला होता. मी विचारलं, दीपाली काय म्हणाली ते ऐकलंत ना? तर म्हणाले, "पोरगी हुशार असली की कुठेही शिकते. आणि संध्याकाळी घरी येईल." सायली खिडकीबाहेर बघत होती. तिच्या कानात हेडफोन होते, पण गाणं चालू नव्हतं. आईला एवढं समजतं.

शनिवार: मनोरच्या पुढे

बोईसर-चिल्हार रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांच्या कमरेने तो रस्ता पाहिला आहे त्यांना गरज नाही आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही. ट्रक आणि खड्डे यांतून जागा मिळेल तशी आमची इको चालली होती. हायवे सोडून मनोरच्या पुढे आत वळलो आणि एकदम सगळं हिरवं. डोंगराच्या पायथ्याला शेतांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. डोक्यावर प्लास्टिकची इरली घेऊन बायका चिखलात ओणव्या, एकीकडे हसणं आणि गाणं. रामसूरतने आपण होऊन काच खाली केली. हवा आत आली, किंवा वास बाहेर गेला, काय झालं असेल ते असो, सगळ्यांनाच बरं वाटलं.

कॉलेज साधंच. फुगे नाहीत, समोसा नाही, आम्ही आलो याचं कोणाला कौतुकही नाही. व्हरांड्यात दोरीवर पोरींचे ॲप्रन वाळत टाकलेले, कशावर निळे डाग, कशाला जळून भोक पडलेलं. हिराबाय त्या ॲप्रनांपाशीच थांबली. बोटाने एक डाग खरवडून बघितला आणि हुं म्हणाली.

प्रयोगशाळेत पोरी काम करत होत्या. कोपऱ्यात काचेच्या पेटीत वजनकाटा. बायने सवयीने हात पुढे केला, तशा चार पोरी एकदम ओरडल्या, "मावशी, हात नका लावू!" आणि एक म्हातारे शिपाई टेबलामागून धावत आले. "अहो बाई, श्वास जरी सोडलात तरी आकडा हलतो त्याचा!"

कोणी असं खेकसलं की बाय दुसऱ्या दिवशीपर्यंत ऐकवते. इथे मात्र ती हसली, दोन पावलं मागे सरली आणि पदर तोंडाशी धरून त्या काट्याकडे बघत राहिली.

कार्यालयात पुन्हा तेच. कागद, आकडा आणि बायचं बोट. "कायतरी कमी करा."

क्लार्कने मानही वर केली नाही. "फी आहे तेवढीच आहे. जमत नसेल तर दुसरीकडे बघा."

"थोडं तरी."

"बाई, मागे रांग आहे."

बाय आनंदाने वळली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माल ताजा हाय!" एवढा अपमान होऊन इतकं खूष झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

मग ती गायब झाली. अर्ध्या तासाने सापडली ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसलेली. समोर बोंबलांची पिशवी उघडलेली आणि तिथली स्वयंपाकीण लाडकी तिच्याशी भावावरून भांडत होती. लाडकी जवळच्याच पाड्यावरची, घरी पावसावरची थोडी भातशेती आणि इथे दोन वेळचा स्वयंपाक. सरकारी समिती आली असती तरी तिने एवढी तपासणी केली नसती, जेवढी बाय करत होती.

"पोरी ताटात टाकतात का गं?"

"टाकतील कशाला? मागून घेतात. बुधवारी सुकट केली की मला उरत नाय."

"आनी कोन आजारी पडली तर?"

"मॅडम हितंच राहते ना. मागच्या पावसात एकीला ताप भरला, मॅडमनी सोता गाडीत घालून दवाखान्यात नेली. मी पन गेलती संगं."

बोंबलांचा सौदा अखेर लाडकीने सांगितलेल्या दरानेच झाला. बायला जिंकू न देणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती.

वसतिगृहाच्या मॅडम साध्या साडीतल्या, पायात रबरी चप्पल. विलासरावांनी त्यांच्यासमोर खिशातून चिठ्ठीच काढली आणि वाचायला लागले. दार किती वाजता बंद होतं, बाहेर कोण सोडतं, मोबाईल किती वेळ, खिडक्यांना गज आहेत का. मॅडमनी सगळ्यांची उत्तरं दिली. मग सायलीकडे वळून म्हणाल्या, "तुला राहायचंय का इथे?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. तीन दिवस फिरत होतो. काटे बघितले, भाव केले, ठेचा खाल्ला, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही तिला विचारला नव्हता.

"हो," सायली म्हणाली. मग एकदम म्हणाली, "बारावीला मी दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यास केला. समोर झेरॉक्स मशीन आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी, सायली, जरा प्रिंट काढून दे. मला राग नाहीये कोणाचा. पण मला एक टेबल पाहिजे, जिथून मला कोणी उठवणार नाही."

मला फार वाईट वाटलं. दुनियेच्या पोरांचे फॉर्म भरताना प्रिंट काढायला मीच तर तिला उठवत होते. हाताखाली माणूस मिळत नाही म्हणून लेक मिळाली होती. विलासरावांनी चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली. पुढचे प्रश्न त्यांनी विचारले नाहीत.

मनोरच्या बाजारात चहा आणि गरम वडे घेतले. टोपल्यांमधून करटोली आलेली, मी अर्धा किलो घेतली. रामसूरतने तीन वडे खाल्ले, आणि बोंबील लाडकीकडे गेल्याचं कळल्यावर चौथा. विलासराव वडा हातात धरून बसले होते.

"घरात काय कमी होतं तिला?" ते म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही. "बोईसरचं घेतलं तर निम्मे पैसे वाचतात आणि पोरगी डोळ्यांसमोर राहते. मुलीच्या जातीला…"

"विलास," हिराबाय म्हणाली. मोठ्याने नाही, आणि म्हणूनच आम्ही सगळे थांबलो. "तू साळंत जात होतास. मी डोईवर माशांची पाटी घेऊन ह्याच मनोरच्या बाजारात येत होती. सोळा वर्सांची होती मी. अंधारात निघायची, अंधारात घरी पोचायची. तवा तू एकदा तरी बोललास का, बाय सांच्याला घरी आली पायजे म्हनून?"

विलासरावांनी मान खाली घातली.

"मी तुला बोल लावत नाय रे. तू लहान होतास. मला कोनी विचारलंच नाय, तुला काय पायजे म्हनून. हिला आज त्या बाईनं विचारलं. पोरीनं सांगितलं बी. आता ऐकायचं का नाय ते तू बघ." एवढं बोलून तिने माझ्या बशीतला उरलेला वडा उचलला आणि खाऊन टाकला.

बायला मी वीस वर्षं ओळखते. तिच्या तोंडाला घाबरून असते. त्या दिवशी मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण तिच्या हाताला तेल होतं आणि माझ्या डोळ्यांना पाणी, म्हणून राहून गेलं.

रविवार: सालवड

दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं संगणकासमोर बसलो. सायलीने मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. पहिल्या पसंतीला मनोर, दुसरीला पालघर. बोईसरचं तिने टाकलंच नाही. तिने लॉकचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदवलेला मोबाईल विलासरावांचा. माझा नंबर गावभरच्या फॉर्मांना वापरून झालेला, तो पोर्टल घेत नव्हतं, म्हणून मीच त्यांचा टाकला होता आणि विसरून गेले होते.

त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला नाही.

"बाबा, ओटीपी," सायली म्हणाली.

"बँकेचा मेसेज असेल."

पडद्यावर उरलेले सेकंद मागे मागे जात होते. हिराबाय तोंड उघडायला गेली, तसा मी तिचा हात दाबला. मला ठाऊक होतं, आता आमच्यापैकी कोणी काही बोललो असतो तर तो माणूस उठून बाहेर गेला असता आणि सगळं तिथेच संपलं असतं. सायलीसुद्धा वळली नाही. कळफलकावर बोटं ठेवून ती तशीच बसून राहिली.

शेवटी त्यांनी फोन काढला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून हात लांब करून धरला.

"चार," ते म्हणाले. "सात. सात. दोन. नऊ."

सायलीने पाच आकडे टाकले आणि थांबली. विलासराव तिच्या पाठीकडे बघत होते, तिच्या वेणीकडे.

"बाबा?"

"शून्य," ते म्हणाले.

फॉर्म लॉक झाला. विलासरावांनी फोन खिशात ठेवला, घसा साफ केला आणि गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला, काउंटरपलीकडे जाऊन उभे राहिले.

"प्रिंट काढ," ते मला म्हणाले. "दोन काढ."

"दोन कशाला? कॉलेजला एकच लागते."

"एक कॉलेजला," ते म्हणाले. "आणि एक मला दे. उद्यापासून कंपनीत जेवायला बसल्यावर कोणीतरी विचारेल, सायलीला कुठे टाकलं. तोंडाने सांगायला अजून जमणार नाही मला. कागद दाखवीन."